क्रोझमधलं घर आणि त्याची कागदपत्रं

आमचं फ्रान्समध्ये घर आहे म्हटलं की इथल्या, म्हणजे रेडिंगच्या, मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे द्राक्षाचे मळे, निळाशार समुद्र आणि आमच्या बँकेतली शिल्लक असं सगळं एकदमच उभं राहतं. प्रत्यक्षात घर क्रोझ जिल्ह्यात आहे. समुद्र तिथून काही तासांच्या रस्त्यावर, आणि द्राक्षं दुकानात.

क्रोझ हा फ्रान्सच्या मधला, पूर्वीच्या लिमुझँ विभागातला जिल्हा. तांबूस रंगाच्या गाई, ग्रॅनाइटची घरं आणि भरपूर पाऊस. बाहेरच्यांना त्यातलं ओब्युसों एवढंच नाव ऐकून माहीत असतं, कारण तिथल्या विणलेल्या भिंतपडद्यांची कला २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेली. एकोणिसाव्या शतकात इथले गवंडी दरवर्षी पॅरिसला बांधकामावर जायचे. त्यातलाच एक मार्तँ नादो पुढे खासदार झाला. हळूहळू माणसं तिकडेच राहिली आणि गावं ओस पडत गेली. त्यामुळे इथे हात-हात रुंद दगडी भिंतींची घरं पडून आहेत आणि स्वस्तही आहेत. आम्ही २०१९ साली घेतलं तेव्हा घर, त्याला लागून गोठ्याचं मोठं छप्पर आणि मागे साधारण हेक्टरभर कुरण, सगळं मिळून ६२ हजार युरोला पडलं. तेवढ्या पैशांत रेडिंगला गॅरेज आलं असतं.

तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले बरेच जण फोन करून विचारतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. किंमत हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. वर्षातला बराच काळ बंद राहणारं घर दुसऱ्या देशाच्या कायद्याने चालवायचं, ही गोष्ट वेगळी आहे. तीच इथे सांगते.

खरेदी नोतेरकडे होते. तो सरकारने नेमलेला अधिकारी असतो, इंग्लंडमधल्या सॉलिसिटरसारखा तुमच्या बाजूने लढणारा माणूस नव्हे. व्यवहार कायद्यात बसवणं, कर गोळा करून सरकारजमा करणं हे त्याचं काम. विकणाऱ्याचाच नोतेर तुम्हीही वापरू शकता आणि पुष्कळजण वापरतात. पण स्वतःचा वेगळा नेमला तरी एकूण फी वाढत नाही, दोघांत वाटली जाते. हे कळल्यावर आम्ही लगेच वेगळा नेमला. ज्याला 'नोतेरची फी' म्हणतात त्यातला मोठा वाटा खरं तर सरकारी कराचा असतो. जुन्या घराला साधारण सात-आठ टक्के धरायचे. घर फार स्वस्त असेल तर टक्केवारी त्याहून वर जाते, कारण काही खर्च ठरावीक असतात.

विकणाऱ्याने तपासण्यांचं बाड द्यावं लागतं. १९४९ पूर्वीचं घर असेल तर रंगातलं शिसं, जुलै १९९७ पूर्वीचं असेल तर ॲस्बेस्टॉस, वायरिंग पंधरा वर्षांहून जुनं असेल तर त्याचा अहवाल, ऊर्जेची ए ते जी अशी श्रेणी, काही भागांत वाळवी. बाड जाडजूड असतं, त्यामुळे सगळं तपासून झालंय असं वाटतं. पण छप्पर किती वर्षं टिकेल, भिंत कुठे सरकलीय, हे त्यात कुठेच नसतं. तिथे खरेदीपूर्वी इंजिनिअर बोलावण्याची पद्धतच नाही. आम्ही तिथेच राहणाऱ्या एका इंग्रज सर्वेअरला बोलावलं. तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि प्रत्येक तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत जाते तिथे, स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहत बसला. दोन तुळयांत तो मुठीपर्यंत आत गेला. त्या शोधापायी किंमत कमी झाली आणि त्याची फी सुटून वर पैसे उरले.

त्यानंतर सुरुवातीचा करार, कोंप्रोमी. सही केल्यावर घेणाऱ्याला दहा दिवसांची मुदत असते. त्यात कारण न देता माघार घेता येते. विकणाऱ्याला ती सवलत नाही. या वेळी पाच ते दहा टक्के रक्कम नोतेरच्या खात्यात ठेवायची. कर्ज घेणार असाल तर 'कर्ज मंजूर न झाल्यास करार रद्द' ही अट याच कागदात लिहून घ्यायची, नंतर ती घुसवता येत नाही. आमच्या घराबरोबर शेतजमीन होती म्हणून साफेरला कळवावं लागलं. साफेर म्हणजे शेतजमीन शेतकऱ्यांच्या हाती राहावी म्हणून काम करणारी संस्था. तिला आधी खरेदी करण्याचा हक्क असतो आणि विचार करायला दोन महिने मिळतात. ती दोन महिने गप्प बसली की समजायचं, सुटलो.

या सगळ्यात आमचा सर्वात जास्त वेळ खाल्ला तो माझ्या नावाने. फ्रान्समध्ये कायद्याने माणसाचं नाव जन्माच्या वेळी जे असतं तेच राहतं. ही तरतूद क्रांतीच्या काळातली, १७९४ ची. बाई लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव वापरू शकते, पण खरेदीखतावर, कराच्या नोटिशीवर तिचं जन्मनावच चालतं. माझ्या जन्माच्या दाखल्यावर सांगलीच्या नगरपालिकेने माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव असं लिहिलेलं. ब्रिटिश पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. म्हणजे तीनपैकी दोन शब्द वेगळे. नोतेरने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि या दोन बायका कोण असं नजरेनेच विचारलं. मधलं नाव लग्नानंतर का बदलतं हे त्याला समजावताना माझ्याही लक्षात आलं की याचं सरळ उत्तर आपल्याकडे नाही. शेवटी जन्माचा आणि लग्नाचा असे दोन्ही दाखले अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारून, मागवले. त्यासाठी भावाला मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांच्या मागे लागावं लागलं. मग फ्रान्समधल्या न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून त्यांचं फ्रेंच करून घेतलं. सासरच्या आडनावाने इतकी वर्षं राहिल्यावर आता दर ऑक्टोबरात फ्रेंच कर खातं मला माहेरच्या नावाने पत्र पाठवतं. नवरा ते पत्र माझ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, "तुझ्या वडिलांकडची वसुली आलीय."

आणखी एक प्रश्न हमखास येतो, लग्नानंतर पहिलं बिऱ्हाड कोणत्या देशात थाटलं? नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरायची की वेगळी, हे त्यावरून ठरतं आणि तसं खरेदीखतात लिहिलं जातं. सांगलीत लग्न करून थेट इंग्लंडात संसार मांडलेल्यांनी विमानाची जुनी तिकिटं नाही, पण निदान पहिल्या भाडेकराराची तारीख तरी शोधून ठेवावी.

अंतिम खत नोतेर सर्वांसमोर वाचून दाखवतो. फ्रेंच येत नसेल तर दुभाषी आणावा लागतो किंवा मुखत्यारपत्र द्यावं लागतं. आमचं फ्रेंच तेव्हा बेकरीत पाव मागण्यापुरतं होतं, म्हणून दुभाषी नेला. पैसे गेले, पण विहिरीच्या वाटेवर शेजाऱ्याचा जाण्या-येण्याचा हक्क आहे हे एका ओळीत लपलेलं वाक्य त्या दिवशीच कळलं.

आता मैलापाण्याची टाकी. खेड्यात सार्वजनिक गटार नसतं, प्रत्येकाची टाकी अंगणात. तिची तपासणी स्पांक नावाचा स्थानिक विभाग करतो आणि विक्रीच्या वेळी तीन वर्षांच्या आतला अहवाल द्यावाच लागतो. आमच्या अहवालात टाकी नियमात बसत नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. अशा वेळी नवी यंत्रणा बसवण्याची जबाबदारी खरेदीपासून एका वर्षाच्या आत घेणाऱ्यावर येते. म्हणून खर्चाचा अंदाज सहीच्या आधी मागवून तेवढी किंमत उतरवून घ्यायची. आमच्याकडे अंदाज साडेनऊ हजार युरोचा आला. त्यातले निम्म्याहून जास्त विकणाऱ्याने सोडले.

काम कसं चालतं तेही सांगते. आधी मातीची तपासणी, म्हणजे पाणी किती वेगाने जिरतं ते पाहणं. त्यावरून टाकीनंतर वाळूचा थर घालायचा की बंदिस्त यंत्र बसवायचं ते ठरतं. आराखडा स्पांककडून मंजूर करून घ्यायचा. मग खणायचं, टाकी उतरवायची, पाइप जोडायचे आणि थांबायचं. माती लोटायची नाही. स्पांकचा माणूस येऊन उघड्या चरात पाइपचा उतार मोजतो, वायुवाहिनी छपरापर्यंत नेलीय का बघतो, फोटो काढतो आणि मगच बुजवायला परवानगी देतो. आमचे चर उघडे असताना असा पाऊस लागला की अंगणात कालवे तयार झाले. ठेकेदार 'आता बुजवूया, मी त्याला फोटो दाखवतो' म्हणत होता. त्याला ठाम नाही म्हटलं, कारण बुजवलेलं काम पुन्हा उकरायला लावण्याचा अधिकार त्यांना आहे. एक मात्र कायम लक्षात ठेवावं, टाकीत ब्लीच ओतायचं नाही, ओले वाइप्स टाकायचे नाहीत. पाहुण्यांसाठी मी संडासाच्या दारावर इंग्रजी, मराठी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत पाटी लावलीय.

कुरणाचा विषय आपल्या लोकांना लगेच कळेल, कारण आपल्याला कुळकायद्याची धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घर घेतल्यावर आठवड्याभरातच शेजारचा शेतकरी आला. गाई तुमच्या कुरणात सोडतो, गवत खातील, तुमचं गवत कापायचं काम वाचेल, म्हणाला. वर्षाला थोडे पैसेही देतो म्हणाला. माणूस अगदी सज्जन. पण तिथे शेतजमीन मोबदला घेऊन दिली, मग तोंडी का असेना, तर ती शेतकी भाडेपट्ट्यात जाऊ शकते. तो पट्टा नऊ वर्षांचा, पुढे आपोआप वाढणारा, आणि जमीन विकायची झाली तर कुळाला आधी घेण्याचा हक्क. माझ्या आजोबांची मिरजेकडची जमीन कशी गेली ते ऐकतच मी वाढले, त्यामुळे 'थोडे पैसे' हे शब्द ऐकताच माझे कान उभे राहिले. नोतेरने उपाय सांगितला. फुकट वापरायला दिल्याचा लेखी करार करायचा, मुदत घालायची, आणि खरोखरच काही घ्यायचं नाही, ना पैसे, ना मोबदला म्हणून सरपण. तसा कागद केला. शेतकऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्याने गाडीच्या टपावर ठेवून सही केली.

हद्दीबद्दलही एक. कादास्त्र नावाचा सरकारी नकाशा इंटरनेटवर फुकट पाहता येतो, पण तो कर आकारणीसाठी काढलेला आहे. त्यावरची रेघ म्हणजे कायदेशीर हद्द नव्हे. भिंत किंवा कुंपण घालायचं असेल तर परवानाधारक मोजणीदाराकडून दगड रोवून घ्यावे.

हिवाळा. क्रोझमध्ये कडाक्याची थंडी पडते आणि तेव्हा घर बहुतेक बंद असतं. पलीकडच्या वस्तीतल्या एका इंग्रज जोडप्याच्या घरी जानेवारीत पाइप फुटला आणि ते कळलं मार्चमध्ये, पाणी मोजणाऱ्याचं पत्र आल्यावर. त्यांना एका कायद्याने वाचवलं. मीटरनंतरची पाइपलाइन फुटून बिल फुगलं तर, पाणीपुरवठा संस्थेची सूचना मिळाल्यापासून महिन्याभरात प्लंबरचा दुरुस्तीचा दाखला दिला की नेहमीच्या वापराच्या दुपटीवरचं बिल माफ होतं. ही सवलत पाइपच्या गळतीला आहे. संडासाची टाकी वाहत राहिली किंवा वॉशिंग मशीन गळलं तर नाही.

म्हणून निघण्याच्या दिवशी आमच्याकडे नवऱ्याची एक फेरी ठरलेली असते. रस्त्याकडेला झाकणाखाली खड्ड्यात मीटर आहे, तिथे पालथं पडून मुख्य कॉक बंद करायचा. घरातले सगळे नळ उघडायचे, वरच्या मजल्यापासून सुरुवात करून. संडासाची टाकी ओढून रिकामी करायची. गरम पाण्याच्या टाकीची वीज बंद करून तिच्या खालच्या लाल बोंडाच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ती रिती करायची. दोनशे लिटरची टाकी रिती व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून हे काम जेवणाआधी सुरू करायचं. शेवटी सिंक, बेसिन आणि संडासाच्या वाकणात गोठणरोधक ओतायचं, तेही गाडीत घालतो ते नव्हे, निसर्गाला अपाय न करणारं. विम्याच्या कागदात बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं असतं. थंडीत घर रिकामं असेल तर पाणी बंद करून पाइप रिते केलेले हवेत, खिडक्यांची लाकडी झडपं लावलेली हवीत, नाहीतर भरपाई कापतात. 'दुसरं घर' म्हणूनच विमा काढा आणि वर्षातून किती दिवस रिकामं राहिलं तर चालतं ते विचारून घ्या. नुकसान झालं तर कळवायला कामकाजाचे पाच दिवस, चोरी असेल तर दोनच. इंग्लंडात बसून दोन दिवसांत चोरी कळायची तर शेजारी चांगला हवा. धुराडं झाडून घेतल्याचा दाखलाही विमावाले मागतात, तो दरवर्षी जपून ठेवायचा.

आणि आता ज्यासाठी सगळे फोन करतात ते, दिवसांचं गणित.

३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश पासपोर्ट युरोपच्या दृष्टीने परका झाला. कोणत्याही १८० दिवसांत शेंगेन देशांत, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या फ्रान्ससारख्या युरोपीय देशांत मिळून, ९० दिवस. घर स्वतःचं आहे, कर भरता, गावात सगळे नावाने ओळखतात, यातल्या कशानेही त्यात एक दिवस वाढत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की फ्रान्समधून बाहेर पडून परत आलं की मोजणी नव्याने सुरू होते. तसं नाही. आज जिथे उभे आहात तिथून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात किती दिवस आत होतात ते बघायचं. रोज ती खिडकी एका दिवसाने पुढे सरकते. जायचा दिवस आणि यायचा दिवस, दोन्ही धरले जातात. मधे स्पेनला लग्नाला गेलात तर तेही दिवस याच हिशोबात. आधी पासपोर्टवरचे शिक्के मोजायचे. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी यंत्रणा आली आहे, आता मोजणी संगणक करतो. डोव्हर, फोक्स्टन आणि लंडनच्या सेंट पॅनक्रस स्टेशनवर ही तपासणी निघतानाच होते.

ब्रिटिश घरमालकांना आपोआप दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यावा अशी तरतूद फ्रेंच संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये स्थलांतर कायद्यात घातली होती. साव्हॉयच्या सिनेटर मार्तीन बेर्ते यांनी ती मांडली होती. आमच्या ओळखीतल्या इंग्रज घरमालकांनी शॅम्पेन फोडली. २५ जानेवारी २०२४ ला घटना परिषदेने ती रद्द केली, मूळ विधेयकाशी तिचा संबंध नाही या तांत्रिक कारणावरून. व्हॉट्सॲपवर 'आता घरमालकांना सूट आहे' असं अजूनही फिरतं. त्यावर विसंबून राहू नका.

तीन महिन्यांहून जास्त सलग राहायचं असेल तर सहा महिन्यांपर्यंतचा तात्पुरता 'अभ्यागत' व्हिसा मिळतो. फ्रान्स-व्हिसाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, मग लंडन, मँचेस्टर किंवा एडिंबराच्या केंद्रात कागद आणि ठसे द्यायला जायचं. निघण्याच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. फी ९९ युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. कागदांत बँकेचे उतारे, राहायची जागा म्हणून घराच्या मालकीचा पुरावा किंवा ताजी कराची नोटीस, पूर्ण मुदतीचा वैद्यकीय विमा, आणि फ्रान्समध्ये काम करणार नाही असं सही केलेलं पत्र. नवरा निवृत्त आहे, त्यामुळे त्या पत्राची अडचण आली नाही. मी अजून नोकरीत आहे, लॅपटॉपवरून तिथे बसून काम करायचं तर ते पत्र कसं लिहू? म्हणून तो व्हिसावर एप्रिलमध्ये जातो आणि मी माझ्या नव्वद दिवसांतून तुकडे पाडून जाते. व्हिसावर घालवलेले दिवस नव्वदांत धरले जात नाहीत, पण तो व्हिसा फ्रान्सपुरता. त्याच मुदतीत इटलीला गेलात तर तिथले दिवस मोजले जातात.

ज्यांनी भारतीय पासपोर्ट ठेवलाय आणि इंग्लंडात कायमच्या वास्तव्याचा परवाना आहे, त्यांना तर पहिल्या दिवसापासून शेंगेन व्हिसा लागतो. माझ्या एका मैत्रिणीचा पासपोर्ट ब्रिटिश, तिच्या नवऱ्याचा भारतीय. दोघांच्या नावावर घर, पण ऐनवेळी कुलूप उघडायला एकटी तीच जाऊ शकते. असं जोडपं असेल तर घर बघायच्या आधी घरात हा विषय काढा.

कर तसे फार नाहीत, फक्त तारखा सांभाळायच्या. १ जानेवारीला ज्याच्या नावावर घर, त्याने त्या वर्षीचा मालमत्ता कर भरायचा, मुदत ऑक्टोबरच्या मध्याला. राहण्यावरचा कर मुख्य घरांसाठी २०२३ पासून पूर्ण रद्द झाला, पण दुसऱ्या घरांना चालू आहे आणि तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत भरायचा असतो. मागणी जास्त असलेल्या गावांना त्यावर ५ ते ६० टक्के अधिभार लावता येतो. आमच्या गावात मागणी शून्य, त्यामुळे ती चिंता नाही. २०२३ पासून घर कोण वापरतं हे कर खात्याच्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. बदल झाला की ३० जूनच्या आत कळवायचं, नाहीतर १५० युरो दंड. पहिल्या वर्षी देशभर बराच गोंधळ झाला, फ्रेंच माणसंही रांगा लावून कर कचेरीत बसली होती. बाकी वीज, पाणी, विमा, कर सगळं फ्रेंच बँक खात्यातून परस्पर जाऊ द्यावं. चेकबुक मात्र जवळ ठेवा, धुराडं झाडणारे आजोबा आमच्याकडून अजून चेकच घेतात.

दुरुस्तीसाठी माणूस लावताना लेखी दरपत्रक, त्याचा सिरे क्रमांक (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) आणि दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा दाखला, एवढं मागायचंच. तो दाखला त्याच कामासाठी आहे का ते बघावं. गिलाव्याचा विमा असलेल्या माणसाने छप्पर केलं तर हमी उपयोगाची नाही. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीला २० ऐवजी १० टक्के व्हॅट लागतो, बिलात ते तपासा. घराचं बाहेरचं रूप बदलायचं, म्हणजे नवी खिडकी, छपरात काच, अगदी झडपांचा रंग, तरी मेअरच्या ऑफिसात आधी कळवावं लागतं आणि साधारण महिनाभर थांबावं लागतं. जवळ, ५०० मीटरच्या आत, ऐतिहासिक वास्तू असेल तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घेतात आणि मुदत वाढते. आमच्या गावात बाराव्या शतकातलं चर्च आहे. आम्हाला झडपा निळ्या हव्या होत्या, मिळाल्या राखाडी. आता तो राखाडी मला आवडतो असं मी सगळ्यांना सांगते.

मेअरचं ऑफिस आठवड्यातून दोन अर्धे दिवस उघडं असतं. घर घेतल्यावर पहिल्याच खेपेला तिथे जाऊन ओळख करून घ्यावी. आत शिरताच आधी 'बोंजूर', मग काम. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर समोरची बाई तुम्हाला पुन्हा सुरुवातीपासून सुरू करायला लावते, शब्दशः. कचरा केंद्राचं कार्ड कुठे मिळतं, गवत कापायचं यंत्र रविवारी किती वाजता चालवता येतं, अंगणात पालापाचोळा जाळला तर दंड होतो, जुने पाइप कुठून गेलेत, हे सगळं तिथेच कळतं. आमच्या पाइपांचा एकमेव नकाशा माजी मेअरच्या डोक्यात होता.

खाण्यापिण्याचं तेवढं सांगून टाकते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पनीर, चक्का, पेढे सगळं बाद. कढीपत्त्याचं रोपही नेता येत नाही. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. त्यामुळे सत्यनारायणाची निम्मी तयारी सीमेपार नेता येते. तूप मी तिथेच करते. शारांत-पोइतूचं बिनमिठाचं लोणी मंद आचेवर चढवायचं. पाणी उडताना तडतड होते, ती थांबून फेस खाली बसला आणि बेरी बदामी झाली की उतरवायचं. शेजारच्या आजी पहिल्यांदा धावत आल्या होत्या, लोणी जळतंय सांगायला. आता बरणी घेऊन येतात.

वारसाहक्काचं मात्र घर घेतानाच उरकावं. फ्रेंच कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो. एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. ऑगस्ट २०१५ पासून मृत्युपत्रात 'माझ्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू करावा' असं लिहिता येतं आणि ब्रिटिश माणसाला ती सोय अजून आहे. त्यात पुन्हा नोव्हेंबर २०२१ पासून एक नवा कायदा आला. त्यानुसार काही परिस्थितीत डावललेलं मूल फ्रान्समधल्या मालमत्तेतून आपला वाटा मागू शकतं. आम्ही दोघांनी मृत्युपत्रं तरीही केली, कारण आमच्या दोन्ही मुली सध्या तरी भांडत नाहीत. कर मात्र फ्रेंचच लागतो. नवरा-बायकोला माफ, प्रत्येक मुलाला पालकामागे एक लाख युरोपर्यंत माफ. सावत्र मुलं असतील तर थेट साठ टक्के, तेव्हा दुसऱ्या लग्नाच्या जोडप्यांनी सहीच्या आधी नोतेरकडे वेगळी वेळ घ्यावी.

विकायची वेळ आलीच तर, दुसऱ्या घराच्या नफ्यावर १९ टक्के आणि वर सामाजिक आकार लागतो. मालकीची वर्षं वाढतील तसा तो उतरत जातो. मुख्य कर २२ वर्षांनी संपतो, सामाजिक आकार ३० वर्षांनी. घरात केलेल्या सुधारणेचा आणि बांधकामाचा खर्च नफ्यातून वजा करता येतो (साध्या देखभाल-दुरुस्तीचा नाही), पण नोंदणीकृत कारागिराच्या बिलावरच. स्वतः विकत आणलेल्या सिमेंटच्या गोण्या आणि नवऱ्याने घातलेली फरशी त्यात येत नाही. पाच वर्षं झाल्यावर बिलं न दाखवता खरेदी किमतीच्या १५ टक्के धरायचीही मुभा आहे. आमची टाकी आणि छपराचं काम त्याहून जास्त झालंय, म्हणून बिलांची फाइल मोठ्या मुलीकडे दिली आहे. तिला घरात फारसा रस नाही, पण ती अकाउंटंट आहे.